नाझ्झारेनाचा कानमंत्र

त्या उन्हाळ्यात मोन्तेरावो गावातल्या लाम्बेर्तोच्या बारमध्ये एकच खटला चालू होता: सामुराई भारी की आपला शिलेदार? खटला जूनमध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट उजाडला तरी निकाल लागेना. मेयरसाहेबांनी जपानमधल्या कुठल्याशा गावाशी आमच्या गावाचं बहीणपण लावलं होतं, आणि तिथले एक गृहस्थ आपलं चिलखत पेटीत घालून आमच्या जत्रेला येणार होते. तेवढं निमित्त पुरलं. आमच्याकडे पुरुषांना वाद घालायला मुळात निमित्तही लागत नाही.

"त्यांची तलवार म्हणे केस उभा चिरते," लाम्बेर्तो कप विसळत म्हणाला.

"आपल्याला केस चिरून करायचंय काय? न्हावी आहे की गावात."

"अरे, पण इमान बघ त्यांचं. आपला शिलेदार पकडला गेला की घरी चिठ्ठी धाडायचा, बाबा, पैसे पाठवा, मला सोडवा. सामुराई पकडला जायच्या आधीच स्वतःचं पोट फाडून मोकळा."

"मग शहाणा कोण?"

"शहाणा आपला. पण भारी तो."

गल्ल्यापाशी उभी राहून कॉफी पिणाऱ्या नाझ्झारेनाने कप बशीत ठेवला. "आणि या दोघांना चिलखत कोण चढवायचं?" तिने विचारलं.

दोन महिने झाले, तलवारीचं पोलाद झालं, घोड्याची उंची झाली, पण हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नव्हता. "मावशी, तुमचं आपलं काहीतरीच," लाम्बेर्तो म्हणाला आणि सगळे पुन्हा तलवारीकडे वळले.

नाझ्झारेना बोर्दोनीला मात्र हा प्रश्न विचारायचा हक्क होता. वय एकाहत्तर, धंदा शिवणकामाचा. वरच्या आळीतल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्यामुली तिच्या सुईखालून गेल्या होत्या आणि पाद्रीबाबांचे झगेही तीच सैल करून द्यायची, कारण पाद्रीबाबा दरवर्षी थोडे थोडे वाढत. पण गावात तिला मान होता तो वेगळ्याच कामासाठी. ऑगस्टच्या जत्रेत वरची आळी आणि खालची आळी यांचा सामना होतो. दोन्हीकडचा एकेक शिलेदार पूर्ण चिलखतात घोड्यावर बसतो आणि दौडत जाऊन टांगलेल्या तीन कड्या भाल्याच्या टोकावर उचलतो. वरच्या आळीच्या शिलेदाराला चिलखत चढवायचं ते नाझ्झारेनाने. चव्वेचाळीस वर्षं हेच चालू होतं.

चिलखत चढायचं भर चौकात, चर्चच्या पायऱ्यांसमोर, सगळ्या गावादेखत. शिलेदार तिपाईवर बसतो. आधी डावा पाय, मग उजवा, मग मांड्या, छाती, खांदे. एकूण एक्केचाळीस बकलं. आणि शेवटचा पोटावरचा पट्टा आवळायच्या आधी नाझ्झारेना वाकते, शिलेदाराच्या कानाशी तोंड नेते आणि काहीतरी पुटपुटते. शिलेदार गंभीरपणे मान हलवतो. मग ती पट्टा खेचते. या वेळी चौकातले पुरुष टोप्या काढतात, बायका छातीवर क्रूस काढतात आणि परगावचे लोक फोटो.

या पुटपुटण्याला गावात 'आशीर्वाद' म्हणत. पाद्री डॉन आन्निबाले यांनी तर जत्रेच्या पत्रकात छापूनच टाकलं होतं की हा आशीर्वाद क्रूसयुद्धांच्या काळापासून आईकडून लेकीकडे चालत आलेला आहे. नाझ्झारेनाची आई आठवडी बाजारात भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पाव विकायची. तिला कुणी क्रूसयुद्धाबद्दल विचारलं असतं तर तिने 'किती ग्रॅम देऊ' एवढंच विचारलं असतं.

खरी गोष्ट अशी होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली वरच्या आळीचा शिलेदार होता सेत्तिमियो, गवंडी, वय चोवीस. चिलखत चढलं, मिरवणूक निघाली आणि त्या वर्षी बिशपसाहेब स्वतः आले होते. बिशपसाहेब उन्हात दीड तास बोलले. सेत्तिमियो सकाळी अर्धं कलिंगड खाऊन आला होता. एक्केचाळीस बकलांच्या आत बसलेल्या माणसाने करायचं काय? त्याने जे व्हायचं ते होऊ दिलं आणि तसाच घोड्यावर बसून तीनही कड्या उचलल्या. गावाने त्याला खांद्यावर घेतलं. चिलखत मात्र घासायला आलं नाझ्झारेनाकडे, आणि व्हिनेगर आणि वाळूने ते घासता घासता तिला सगळं कळलं. दोन दिवस ती एकटीच हसत होती.

पुढच्या वर्षी शेवटचा पट्टा आवळायच्या आधी ती वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "मुतून आलास का?"

सेत्तिमियो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने मान हलवली. लोकांना वाटलं, भक्तीने लाल झाला. त्याच शरद ऋतूत त्याने तिला मागणी घातली. म्हणाला, "एवढी चौकशी माझ्या आईनंसुद्धा कधी केली नाही."

त्यानंतर पाच शिलेदार आले नि गेले, प्रत्येकाला तिने तेच विचारलं, आणि एकानेही बाहेर वाच्यता केली नाही. करणार कसे? पत्रकात क्रूसयुद्ध छापलेलं असताना कोणता शूर गडी बारमध्ये बसून सांगेल की मला कानात काय विचारतात ते? सहा वर्षांपूर्वी सेत्तिमियो दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात पडला होता, तेव्हा नर्सला हाक मारण्याआधी नाझ्झारेना त्याच्या कानाशी वाकून हेच विचारायची, आणि नाकात नळी घातलेला तो गवंडी तेवढ्यापुरता हसायचा. म्हणून तो प्रश्न तिच्या लेखी थट्टेचा राहिला नव्हता. ते तिचं नि त्याचं होतं.

आणि आता त्यावर ओरेस्ते फुल्वीचा डोळा होता.

ओरेस्ते म्हणजे आमच्या वरच्या आळीचा अध्यक्ष. औषधांचं दुकान त्याचं, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, आणि तोही म्हणू देतो. जुलैमध्ये तो एक रंगीत कॅटलॉग घेऊन नाझ्झारेनाच्या शिवणखोलीत आला.

"हे बघा मावशी. ॲल्युमिनियमचं. वजन निम्मं. बकल एकही नाही, अकरा खटके. माणूस आपला आपण चार मिनिटांत घालतो."

"चांगलंय," नाझ्झारेना म्हणाली. तिने चष्मा काढला नाही.

"पुढच्या वर्षी येतंय. तुम्हालाही आता विश्रांती हवी. मागच्या वर्षी सतराव्या बकलाला..." त्याने वाक्य सोडून दिलं, पण ते तिला ऐकू आलं. मागच्या वर्षी सतराव्या बकलाला तिची बोटं अडली होती. सांध्यांना गाठी आल्यात तिच्या. ती झटत होती तेवढा वेळ खालची आळी ठेक्यात टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या तिला वर्षभर शिवणयंत्राच्या आवाजातही ऐकू येत होत्या.

"पहिल्या रांगेत खुर्ची देऊ तुम्हाला," ओरेस्ते म्हणाला. "पदकसुद्धा. फक्त आशीर्वादाचे शब्द तेवढे लिहून द्या. पुढच्या वर्षीपासून मी म्हणेन. ध्वजावरही भरून घेऊ, सोनेरी अक्षरांत."

नाझ्झारेनाने मान खाली घालून दोरा तोडला. हसू आवरायला तिला तेवढंच सुचलं. "डॉक्टर," ती म्हणाली, "ते तुमच्या तोंडी शोभायचं नाही."

तो गेल्यावर मात्र हसू विझलं. काहीतरी देवाधर्माचं रचून देता आलं असतं, दोन ओळी, विषय संपला. पण मग सेत्तिमियोच्या जागी ते खोटं येऊन बसलं असतं. आणि शब्द दिले काय, न दिले काय, काम जाणारच होतं. वर्षातून एक दिवस गावाला तिची गरज लागायची, तो दिवसही आता खटक्यांवर जाणार होता. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

जत्रेच्या आदल्या दिवशी जपानी पाहुणे आले. कुवाबारा सेइजी, वय सदुसष्ट, रेल्वेतले निवृत्त स्टेशनमास्तर, आणि त्यांची बायको फुमिए. शाळेच्या व्यायामशाळेत दोन टेबलं मांडून दोन्ही चिलखतं उघडी ठेवली होती, आणि बारमधला सगळा खटला तिथे येऊन उभा राहिला होता. आमचं पंचवीस किलो, त्यांचं पंधरा. आमचं पोलादाचं, त्यांचं छोट्या पत्र्यांचं, रेशमी गोफांनी विणलेलं. पुरुषमंडळी दोन्ही चिलखतांवर बोटांनी टकटक करत मतं देत होती.

बायकांनी मतं दिली नाहीत. फुमिएने नवऱ्याला बसवलं आणि डाव्या नडगीचा पत्रा आधी बांधला. नाझ्झारेनाने तिच्या दंडाला हात लावला, स्वतःच्या टेबलावरचा डाव्या नडगीचा पत्रा उचलून दाखवला आणि एक बोट वर केलं. आमच्यातही आधी डावाच. फुमिएने मान डोलावली. मग ती गोफाच्या गाठी मारत गेली, एकेक झटक्यात, आणि नाझ्झारेना तिच्या बोटांकडे बघत राहिली. फुमिएच्याही सांध्यांना गाठी होत्या. पण गोफाला त्या चालत होत्या. गोफ नुसता ओढायचा होता, बकलाच्या बारीक भोकात काटा बसवायचा नव्हता.

कमरेचा पट्टा बांधायच्या आधी फुमिए थांबली. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि एक लहानसा शब्द बोलली. कुवाबारांनी थोडा विचार केला, मानेमागे हात नेऊन गळ्याशी असलेली एक नाडी सैल केली, आणि चिलखतासकट खडखडत शाळेच्या संडासाकडे निघून गेले. त्यांच्या लंगोटाची नाडीच गळ्यात बांधलेली होती. वरून सोडली की काम झालं, बाकी काही उतरवायला नको. दोन मिनिटांत ते परतही आले.

नाझ्झारेनाने तोंडावर रुमाल दाबला. फुमिएने तिच्याकडे पाहिलं, आणि एकमेकींचा एक शब्दही न कळणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्या टेबलाला धरून इतक्या हसल्या, की डॉन आन्निबाले बघायला आले, बाई आजारी आहे की काय.

रविवारी चौक भरला. एका तिपाईवर कुवाबारा, दुसरीवर आमचा दुइलिओ. दुइलिओ फरशा बसवतो, वय तीस, सात वर्षं आळीचा शिलेदार. ओरेस्ते सकाळपासून त्याच्या भोवती घुटमळत होता. रेशमी गळपट्टा नीट करतो म्हणून त्याने दोनदा त्याच्या मानेला हात लावला. त्या गळपट्ट्यात त्याने नखाएवढा माइक लपवला होता. मावशी शब्द देत नाहीत ना, मग आपणच टेपवर घेऊ, असा त्याचा हिशेब. टेपचं काम त्याने वीजवाल्या गुएरीनोवर सोपवलं होतं. गुएरीनोच्या पेटीवर दोन बटणं होती, एक टेपचं आणि एक चर्चच्या भिंतीवरच्या मोठ्या कर्ण्यांचं. ओरेस्तेने त्याला कोणतं दाबायचं ते नीट सांगितलं होतं. पण गुएरीनो खालच्या आळीचा जावई आहे. चूक झाली की मुद्दाम केली, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

सतरावं बकल आलं. नाझ्झारेनाची बोटं पुन्हा अडली. खालच्या आळीतून टाळ्या सुरू झाल्या. तिने ओठ चावून काटा बसवला, पुढे गेली, आणि शेवटी पोटाचा पट्टा हातात घेऊन शेवटच्या वेळी दुइलिओच्या कानाशी वाकली. टोप्या निघाल्या. चौक शांत झाला.

"मुतून आलास का?" चर्चची भिंत म्हणाली.

आवाज तिला ओळखीचा वाटला, पण कुठून आला ते कळेना. दुइलिओला तेवढंही कळलं नाही. सात वर्षांच्या सवयीने त्याने खरं तेच सांगितलं. "नाही ना, मावशी. डॉक्टरांनी सकाळपासून उठूच दिलं नाही."

"मग ऊठ आणि जा," भिंत म्हणाली. "पट्टा अजून आवळला नाही."

मग तिला कळलं. हातातला पट्टा सुटला. चव्वेचाळीस वर्षांचं तिचं नि सेत्तिमियोचं गुपित हजार माणसांच्या चौकात सांडलं होतं, आणि खालच्या आळीतून हसण्याची जी लाट उठली ती पायऱ्यांपर्यंत आली. डॉन आन्निबाले हातातल्या पत्रकाकडे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं. नाझ्झारेनाला घरी जायचं होतं. पण घराचा रस्ता चौकातून होता.

तेवढ्यात फुमिएने मेयरसाहेबांनी रोमहून बोलावलेल्या दुभाषी बाईला काहीतरी विचारलं. दुभाषी बाई लाल झाली, तिने इकडेतिकडे बघितलं, आणि हळू आवाजात सांगितलं. फुमिएने शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट एक वाक्य बोलली. दुभाषीच्या हातात माइक होता आणि तिला पगार भाषांतराचाच होता.

"कुवाबारा बाई म्हणतात," ती म्हणाली, "की त्याही यांना दरवर्षी हेच विचारतात. त्यांना सासूबाईंनी शिकवलं. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी."

कुवाबारा उठले. त्यांनी नाझ्झारेनाला कमरेत वाकून नमस्कार केला, असा की शिरस्त्राणावरची शिंगं तिच्या एप्रनला लागली. मग त्यांनी गळ्याची नाडी सैल केली आणि लाम्बेर्तोच्या बारकडे चालू लागले. दुइलिओही निघाला. नाझ्झारेना त्याच्यामागोमाग गेली, कारण बकलं उघडल्याशिवाय त्याचं जाणं व्यर्थ होतं.

सामुराई तीन मिनिटांत परत आला. शिलेदाराला एकोणीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मेयर, बँड, दोन घोडे आणि सगळं गाव उन्हात उभं होतं. लाम्बेर्तोने बारच्या दारात येऊन घड्याळ पाहिलं आणि जूनपासून तुंबलेला निकाल देऊन टाकला. "सामुराई भारी," तो म्हणाला. कुणीच अपील केलं नाही.

दुइलिओ तिपाईवर येऊन बसला तेव्हा ओरेस्ते पुढे सरसावला. गडी काही लाजणाऱ्यातला नव्हे. "म्हणूनच सांगतोय ना मी," तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अकरा खटके. कुणी चढवायला नको, कुणी उतरवायला नको."

दुइलिओने गळपट्ट्यात बोट घालून तो माइक उपटला, त्याच्याकडे बघितलं आणि ओरेस्तेच्या हातात ठेवला. "डॉक्टर, ते अकरा खटके मला विचारणार आहेत का?"

ओरेस्तेने माइक घाईघाईने खिशात टाकला.

"मग ते तुम्हीच घाला," दुइलिओ म्हणाला. "मावशी, पट्टा."

नाझ्झारेनाने पट्टा आवळला. त्या वर्षी दुइलिओने दोन कड्या उचलल्या, खालच्या आळीने तीन. आम्ही हरलो, आणि तरी संध्याकाळी वरच्या आळीत जेवणाच्या टेबलांवर जितका दंगा झाला तितका जिंकल्यावरही झाला नव्हता. शिलेदारकी सोडलेले तिघे म्हातारे एकामागून एक उठले आणि म्हणाले, हो, आम्हालाही हेच विचारायची. सांगताना त्यांच्या मनावरचं ओझं उतरत होतं, हे दिसत होतं. नाझ्झारेनाला वाटलं होतं की गाव तिला हसेल. हसलं खरं, पण तिला धरून हसलं. त्यात सेत्तिमियोही कुठेतरी होता.

हिवाळ्यात जपानहून एक पुडकं आलं. आत गर्द निळे रेशमी गोफ होते आणि गाठ कशी मारायची त्याची फुमिएने पेन्सिलीने काढलेली चित्रं. नाझ्झारेनाने वसंतभर बसून चिलखताची एकोणतीस बकलं उसवली आणि तिथे गोफ ओवले. तिच्या बोटांना ते जमत होते. ॲल्युमिनियमचं चिलखत परत घेईनात, म्हणून ते ओरेस्तेच्या दुकानाच्या काचेत उभं आहे. त्याच्या पायाशी घामाच्या पावडरचे डबे मांडलेत. डॉन आन्निबाले यांनी पत्रक नव्याने छापलं. त्यात लिहिलंय की वरच्या आळीचे निळे गोफ क्रूसयुद्धांच्या काळी पूर्वेकडून आले.

पुढच्या ऑगस्टमध्ये चौक असा भरला की खालच्या आळीची माणसं छपरांवर चढली. सगळ्यांना तो प्रश्न ऐकायचा होता. नाझ्झारेनाने डावा पाय बांधला, उजवा बांधला, एकाही गाठीला बोट अडलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं आणि ती तासभर उभी होती. शेवटचा पट्टा हातात घेऊन ती वाकली, आणि तिने विचारायच्या आत हजार माणसं एका सुरात ओरडली, "मुतून आलास का?"

"आलो," दुइलिओने उत्तर दिलं, आणि मग मान वळवून तिच्याकडे बघितलं. "आणि तू गं, मावशी?"

पंचेचाळीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सेत्तिमियोनेसुद्धा नाही. तिच्या लक्षात आलं की पोरगं अगदी वेळेवर विचारतंय.

"नाही रे," ती म्हणाली.

"मग जा. आम्ही थांबतो."

तिने पट्टा त्याच्या हातात दिला आणि लाम्बेर्तोच्या बारकडे निघाली. गर्दीने वाट करून दिली, आणि ती परत येईपर्यंत चौकातल्या एकाही पुरुषाने टोपी डोक्यावर घातली नाही.